पुस्तकांचा दवाखाना

कुताइसीच्या बागेत मुलांची पुस्तकजत्रा, दिवस तिसरा.
माझं टेबल कारंज्यामागे, चिनाराखाली, आइस्क्रीमच्या गाडीला लागून.
पाटी तेकलेने रंगवली: पुस्तकांचा दवाखाना. मोफत.
खाली बारीक अक्षरात: दप्तरं शिवून मिळणार नाहीत.
(काल एकजण चप्पल घेऊन आला होता.)

मोठ्या मंचावर कुणी लेखक
माइकमधून अस्वलाचा आवाज काढतोय,
शंभर पोरं अस्वल होऊन उत्तर देतायत.
डाव्या कानातलं यंत्र मी बंद ठेवलंय.
दाभण चालवायला कान लागत नाही.
दोरा किती ताणावा, बोटांना कळतं.

केसपेपर तेकले काढते. वय अकरा, अक्षर टपोरं,
वेलांट्या द्राक्षवेलीच्या, आमच्या लिपीला शोभतील अशा.
नाव? वय? पुस्तकाला काय झालं?

चहा सांडला.
शेळीने खाल्लं, पान नऊ ते चौदा.
आजोबा त्यावर झोपले, हिवाळाभर.
खाचापुरीचं लोणी लागलं: पान पारदर्शक,
पलीकडचा राजा अलीकडे दिसतो.
नदीत पडलं.
कसं पडलं?
बराच वेळ उत्तर नाही. मग हळूच:
पोहायला शिकवत होतो.

मी खळ ढवळतो. गव्हाची खळ,
चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून.

तीनच्या सुमाराला त्सखाल्तुबोच्या बसमधून मारेखी आली.
टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक, आणि मागोमाग
तिच्या फ्रॉकचा पट्टा धरून पाठचा भाऊ.

पुस्तकाची पाठ मोडलेली. शिवण उसवून
शाळा सुटल्यासारखी पानं बाहेर.
आकडे कुठेच नाहीत, कोपरे झिजलेले.
क्रम कसा लावू?
तिने डोळे मिटले आणि पहिल्या ओळीपासून म्हणू लागली.
मी यंत्र चालू केलं.
ती म्हणत गेली, मी पानं उचलत गेलो,
एकदाही अडली नाही.
पाठ गेली होती, पण पाठ होतं.

राहिला खालचा कोपरा. पुठ्ठ्यावर चार खळगे,
अर्ध्या बांगडीसारखे. ठिगळाला मी चामडं निवडलं.
'तिथे नको.'
'का गं?'
'ते ह्याने केलंय. रांगत होता तेव्हा.'
'मी नाही,' झाझा म्हणाला.
'तूच.'
'मी नाही!'

रांग मोडून पोरं टेबलाभोवती आली. खटलाच उभा राहिला.
तेकलेने पेन आपटलं: पुरावा तपासा.
झाझाने पुस्तक दोन्ही हातांत धरलं, मक्याचं कणीस धरावं तसं,
तोंड उघडलं, खुणांवर टेकवलं.

बसेना.

समोरचे दोन दात नव्हतेच. महिन्यापूर्वी पडले,
छपरावर फेकले, उंदीर घेऊन गेला.
फटीतून हसत तो म्हणाला, 'बघा! मी नाही.'

कुणालाच काही सुचेना.
ज्या दातांनी चावलं ते आता उंदराच्या घरी,
आणि जो चावला तो, खरं सांगायचं तर, तोही.
मारेखी एवढंच म्हणाली,
'म्हणूनच तिथे नको.'

मेण लावलेला दोरा, पाच टाके. निळं कापड ओढून घेतलं,
कोपऱ्याच्या बोटभर आधी थांबवलं.
तेकलेने लिहिलं: कोपरा. चावा. जुना. उपचार...
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली. तिने रेघ ओढली.

झाझाही हटून बसला, मलाही केसपेपर पाहिजे.
काढला. वय सहा. काय झालं?
दोन पानं सुटलीत.
तेकलेने खाली सही केली:
आपोआप येतील. पुढच्या वर्षी दाखवायला यावे.

'चला, पुढचा!'
पुढचा कालचाच शेळीवाला.
आज शेळीसकट.